गळ्यात घंटा बांधलेलं गाव

मंडळी, या वीकेंडला जरा अमेरिकेतल्या एका आडवळणाच्या गावात जाऊ या. न्यूयॉर्क नाही, सॅन होजे नाही, ऑनसाइटला गेलेला मित्र फोटो टाकतो तसलं कुठलंच ठिकाण नाही. इंडियाना राज्याच्या पश्चिम टोकाला, वॉबॅश नदीच्या काठी टेरे होट नावाचं गाव आहे. नाव फ्रेंच, अर्थ 'उंचावरची जमीन'. २०२० च्या जनगणनेत वस्ती साधारण ५८ हजार. १९६० मध्ये ती ७२ हजारांच्या वर होती, म्हणजे गाव गेली साठ वर्षं आकसत आलंय. हे गाव व्हीगो काउंटीचं मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा, फक्त आकाराने बराच लहान. अख्ख्या व्हीगो काउंटीची लोकसंख्या एक लाख सहा हजारांच्या आसपास आहे.

गावाचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण इथे जन्मलेली एक वस्तू हातात घेतली असणार. कोका-कोलाची ती कमरेत बारीक असलेली काचेची बाटली १९१५ मध्ये इथल्या रूट ग्लास कंपनीत डिझाइन झाली. अमेरिकेतला पहिला सीडी कारखानाही १९८४ मध्ये इथेच सुरू झाला. पण अमेरिकन पत्रकार दर चार वर्षांनी कॅमेरे घेऊन इथे यायचे ते बाटली बघायला नव्हे.

ते यायचे मतांसाठी. १८८८ ते २०१६ या काळात अमेरिकेत अध्यक्षपदाच्या ३३ निवडणुका झाल्या. त्यातल्या ३१ वेळा व्हीगो काउंटीने जो जिंकला त्यालाच कौल दिला. चुकली फक्त दोनदा, १९०८ आणि १९५२ मध्ये. १९५६ पासून २०१६ पर्यंत तर सलग सोळा निवडणुका बरोबर! पक्ष कुठलाही असो. आयझेनहॉवर, केनेडी, निक्सन, कार्टर, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा, ट्रम्प... सगळे.

आणि मग २०२० आलं. व्हीगोने ट्रम्पना सुमारे ५६ टक्के मतं दिली आणि देशात बायडन जिंकले. साखळी तुटली. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर काही आठवडे हाच आकडा एका भलत्याच कामाला जुंपला गेला. १९८० पासून प्रत्येक निवडणुकीत विजेत्याला मत देणाऱ्या १९ काउंट्यांची एक यादी फिरू लागली. त्यातल्या १८ ठिकाणी ट्रम्प पुढे होते, मग निवडणूक बायडन कसे काय जिंकले? म्हणजे नक्कीच घोटाळा! फॉरवर्ड्समध्ये हा युक्तिवाद बघून चांगले शिकलेले लोक 'विचार करण्यासारखं आहे' म्हणत होते. विचार करण्यासारखं आहेच. म्हणून करू या.

आधी शब्दापासून सुरुवात. अशा जागेला इंग्रजीत 'बेलवेदर' म्हणतात. वेदर म्हणजे हवामान नव्हे बरं का. 'वेदर' म्हणजे खच्ची केलेला मेंढा. मेंढपाळ त्याच्या गळ्यात घंटा बांधतो, कळप घंटेच्या आवाजामागून जातो, म्हणून बेल-वेदर. गंमत अशी की ही उपमाच उलटी आहे. मेंढ्यामागून कळप जातो, पण टेरे होटमागून अमेरिका जात नाही. मिशिगनमधल्या कुणाही मतदाराने 'व्हीगोचं काय म्हणणं आहे?' असं विचारून मत दिलेलं नाही. इथे घंटेचा आवाज आणि कळपाची दिशा फक्त जुळते. का जुळते, हा खरा प्रश्न.

राज्याचा प्रभाव म्हणावा तर तेही नाही. इंडियाना हे रिपब्लिकनांकडे झुकलेलं राज्य. १९६८ पासून आजवर तिथे डेमोक्रॅट उमेदवार फक्त एकदा जिंकला, २००८ मध्ये ओबामा. १९१६, १९४०, १९४४, १९४८, १९६०, १९७६, १९९२, १९९६ आणि २०१२ अशा नऊ वेळा इंडियानाने हरणाऱ्या रिपब्लिकनला मत दिलं आणि त्याच राज्यातल्या व्हीगोने जिंकणाऱ्या डेमोक्रॅटला. म्हणजे गावात काहीतरी वेगळं होतं.

ते वेगळं काय, हे समजायला या गावाच्या सगळ्यात प्रसिद्ध माणसाकडे जावं लागतं. यूजीन डेब्स. जन्म १८५५, टेरे होटमध्येच. आईवडील अल्सास प्रांतातून आलेले, गावात किराणा दुकान. चौदाव्या वर्षी शाळा सोडून पोरगा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागला, पुढे इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमन लोकांच्या संघटनेत चढत गेला. १८७९ मध्ये डेमोक्रॅट म्हणून गावाचा सिटी क्लार्क झाला, नंतर राज्याच्या विधानसभेतही एक टर्म. आत्तापर्यंत अगदी सरळ करिअर! मग १८९३ मध्ये त्याने अमेरिकन रेल्वे युनियन काढली. १८९४ मध्ये पुलमन कंपनीच्या कामगारांचा संप देशभर पसरला. सरकारने सैन्य आणलं आणि डेब्सला सहा महिन्यांची कैद झाली. तुरुंगात वाचन झालं, बाहेर आल्यावर काही वर्षांत तो समाजवादी झाला.

पाच वेळा अध्यक्षपदासाठी उभा राहिला. १९१२ मध्ये त्याला सुमारे ९ लाख मतं पडली, एकूण मतांच्या ६ टक्के. अमेरिकेत समाजवादी उमेदवाराला याहून मोठा वाटा कधी मिळाला नाही. १९१८ मध्ये युद्धविरोधी भाषण केलं म्हणून दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची निवडणूक त्याने अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि परत ९ लाखांवर मतं मिळवली. (आत बसलेला माणूस प्रचार करणार कसा? त्याच्या नावाचे बिल्ले निघाले, त्यावर कैदी क्रमांक होता, ९६५३.) १९२१ च्या नाताळात अध्यक्ष हार्डिंग यांनी त्याची शिक्षा कमी करून त्याला सोडलं. त्याचं टेरे होटमधलं घर आता संग्रहालय आहे.

पण बघा, हा एवढा मोठा माणूस, गावाचा लाडका, शेजाऱ्यापाजाऱ्यांत प्रिय. त्याच्या काउंटीने त्याला अध्यक्षपदासाठी एकदाही पहिला नंबर दिला नाही. १९१६ मध्ये तो याच भागातून काँग्रेससाठी उभा राहिला, तिथेही हरला. मला वाटतं टेरे होटची किल्ली इथे आहे. हे गाव कामगारांचं होतं, पण नुसतं कामगारांचं नव्हतं. आसपास कोळशाच्या खाणी, मधून जाणारे रेल्वेमार्ग, काचेचे कारखाने, दारूच्या भट्ट्या. त्याच्या भोवती मका पिकवणारे शेतकरी. गावात पेढीवाले, व्यापारी, शिक्षक तयार करणारं सरकारी कॉलेज (तेच पुढे इंडियाना स्टेट युनिव्हर्सिटी झालं) आणि इंजिनिअरिंगची एक जुनी संस्था, आजचं रोझ-हलमन. खाणकामगार डेमोक्रॅट, शेतकरी रिपब्लिकन, मधला दुकानदार ज्याची हवा त्याचा. इंडियानाच्या इतर काउंट्यांपेक्षा इथे संघटित कामगार जास्त. जुलै १९३५ मध्ये एनॅमलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यातल्या संपाला पाठिंबा म्हणून अख्खं गाव बंद पडलं होतं, गव्हर्नरला नॅशनल गार्ड पाठवून लष्करी कायदा लावावा लागला. त्यामुळे राज्य डावीकडे झुकलं नाही तरी व्हीगो झुकायची. आणि राज्याच्या मानाने जेवढी ती डावीकडे होती, साधारण तेवढाच देशही होता. योगायोग म्हणा.

याचा एक छोटासा पुरावा तिच्या चुकांतच दिसतो. १९०८ मध्ये ती ज्याच्यासाठी चुकली तो ब्रायन, १९५२ मध्ये स्टीव्हन्सन. दोघेही हरलेले डेमोक्रॅट. म्हणजे जुन्या काळात व्हीगो चुकली तर डेमोक्रॅटांच्या बाजूने. २०२० मध्ये ती चुकली ती रिपब्लिकनच्या बाजूने. वजनकाटा एका बाजूला झुकलेला होता, आता दुसऱ्या बाजूला झुकलाय.

आता घोटाळ्याचं बोलू. कारण घोटाळा या गावाला नवा नाहीये, आणि तो कसा करतात याचं टेरे होट हे अमेरिकेतलं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे.

साखळीची सुरुवातच बघा. १८८८. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचा खजिनदार डब्ल्यू. डब्ल्यू. डडली याने इंडियानातल्या कार्यकर्त्यांना पाठवलेलं एक पत्र फुटलं. त्यात सूचना होती की विकाऊ मतदारांचे पाच-पाचांचे गट करा, प्रत्येक गटावर पैसे घेऊन एक भरवशाचा माणूस बसवा, आणि एकही निसटणार नाही असं बघा. तेव्हा मतपत्रिका पक्षच छापून द्यायचे, त्यामुळे विकत घेतलेलं मत पेटीत पडताना बघता यायचं. बदनामी एवढी झाली की पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, इंडियानाने सरकारी छापील मतपत्रिका आणि गुप्त मतदान आणलं.

त्याने सगळं सुधारलं असं मात्र नाही. १९१३ मध्ये डॉन रॉबर्ट्स नावाचा माणूस टेरे होटचा महापौर निवडून आला. नोव्हेंबर १९१४ च्या निवडणुकीत त्याच्या टोळीने जे केलं ते ऐकून थक्क व्हायला होतं. अस्तित्वात नसलेल्या लोकांची नावं यादीत घातली, गुत्त्यांच्या पत्त्यावर ढिगाने मतदार नोंदवले, तीच माणसं या बूथवरून त्या बूथवर फिरवली. विरोध करणाऱ्यांना मारहाण. पोलीस, न्यायाधीश, शेरीफ सगळे आपलेच, तक्रार करणार कुणाकडे?

तरी तक्रार झाली. आणि मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पुरावा गोळा करण्यात गावातल्या बायका पुढे होत्या. स्टेला स्टिमसन ही त्यांची म्होरकी. या बायकांनी मतदान केंद्रांवर उभं राहून कोण किती वेळा येतंय यावर पाळत ठेवली. त्यांना स्वतःला मताचा अधिकार नव्हता! ज्यांना एक मत नाही त्या बाया, प्रत्येकी दहा मतं देणाऱ्या पुरुषांना मोजत उभ्या होत्या.

प्रकरण केंद्र सरकारच्या न्यायालयात गेलं, कारण त्या निवडणुकीत काँग्रेसचे आणि सिनेटचे उमेदवारही होते. शंभराहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले. बहुतेकांनी गुन्हा कबूल केला, उरलेल्यांवर १९१५ च्या वसंतात इंडियानापोलिसमध्ये खटला चालला. महापौर रॉबर्ट्सला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्यासोबत एक न्यायाधीश आणि एक शेरीफसुद्धा लेव्हनवर्थच्या तुरुंगात गेले.

आता गंमत (की शोकांतिका?) लक्षात घ्या. ज्या काळात मतं पाचाच्या भावाने विकत घेतली जात होती आणि गुत्त्यातून मतदार उगवत होते, त्याच काळातही हे गाव 'देशाचा आरसा' ठरत होतं. साखळीतले सुरुवातीचे मणी असे आहेत. आणि खरा घोटाळा पकडला गेला तेव्हा काय होतं? नावं होती, पत्ते होते, बूथ होते, साक्षीदार होते, कबुलीजबाब होते. 'हे गाव नेहमी बरोबर असतं आणि यावेळी चुकलं' असा पुरावा कुणी न्यायालयात ठेवला नव्हता. २०२० मध्ये नेमका तेवढाच पुरावा होता. गोची अशी की व्हीगोतल्या मतमोजणीबद्दल कुणाची काही तक्रारच नव्हती. तक्रार होती ती इतर ठिकाणांनी व्हीगोसारखं मत का दिलं नाही याची!

बरं, आता आपल्या धंद्यातलं थोडं. एक्सेल उघडा किंवा पाच ओळींची स्क्रिप्ट लिहा. सलग १६ निवडणुका. नाणं उडवून सगळ्या बरोबर यायची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. अशक्यच वाटतं ना? पण अमेरिकेत काउंट्या ३,१०० हून जास्त आहेत. सगळ्यांनी नाणं उडवलं तर कुणातरी एकीचे सोळाच्या सोळा बरोबर यायची शक्यता जवळपास वीसात एक. आणि मतदान म्हणजे नाणं नव्हे. १९६४, १९७२, १९८४ सारख्या निवडणुकांत विजेता इतक्या फरकाने जिंकला की बहुतेक काउंट्या 'बरोबर' होत्या. समजा सरासरी काउंटी दर वेळी ७० टक्के शक्यतेने बरोबर येते. ०.७ चा सोळावा घात गुणिले ३,१००. उत्तर दहाच्या आसपास. म्हणजे कुठलीही जादू नसताना अशी दहा 'जादूची' गावं सापडायला हवीत. (हे फारच ढोबळ गणित आहे, मान्य. निवडणुका एकमेकींपासून स्वतंत्र नसतात.) प्रत्यक्षात एवढी सापडत नाहीत, मोजकीच आहेत. न्यू मेक्सिकोतली व्हॅलेन्सिया काउंटी त्यातली एक, १९५२ ते २०१६ सलग बरोबर. तीही २०२० मध्ये चुकली.

दुसरं, आपण फक्त हो-नाही बघतोय. जिंकणाऱ्याला मत दिलं, ट्रू. नाही दिलं, फॉल्स. मागचा दशांश कुणी बघत नाही. २००८ मध्ये ओबामांना व्हीगोत सुमारे ५७ टक्के, देशात ५३. २०१२ मध्ये व्हीगोत ते एका टक्क्याहूनही कमी फरकाने पुढे, देशात जवळपास चार टक्क्यांनी. २०१६ मध्ये ट्रम्प व्हीगोत सुमारे ५५ टक्के, देशात ४६. ही काउंटी बूलियनमध्ये बरोबर येत होती, पण आकडा आधीच देशापासून निसटला होता. ज्यांनी दशांश बघितला त्यांना २०२० चा धक्का बसायचं कारण नव्हतं.

तिसरं, 'बरोबर' म्हणजे कुणाच्या बाजूने? १८८८, २००० आणि २०१६ या तिन्ही वर्षी जास्त लोकांनी मत दिलेला उमेदवार हरला आणि इलेक्टोरल कॉलेजच्या गणितावर दुसरा अध्यक्ष झाला. व्हीगो तिन्ही वेळा त्या दुसऱ्याबरोबर होती. म्हणजे जनमताचा आरसा वगैरे म्हणणंही तसं अर्धंच खरं.

आणि ती १९ काउंट्यांची यादी? ती मागून निवडलेली आहे. गेल्या दहा वर्षांत कधीच न पडलेले फंड शोधून काढायचे आणि अकराव्या वर्षी ते पडले की सेबीकडे तक्रार करायची, तसलाच हा प्रकार. शिवाय या काउंट्या एकमेकींसारख्या आहेत. बहुतेक महानगरांपासून लांब, गोऱ्या वस्तीचं प्रमाण जास्त, पदवीधर कमी. व्हीगोतही दहापैकी साधारण आठ लोक गोरे आहेत, देशात ते प्रमाण सहाच्या आसपास आहे. त्यामुळे १८ ठिकाणी ट्रम्प पुढे ही १८ वेगवेगळी आश्चर्यं नाहीत. एकच बदल १८ टेस्ट केसेसमध्ये फेल होऊन दिसतोय. बायडन जिंकले ते दुसरीकडे. फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत १९४८ नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅट पुढे आला. अटलांटा आणि फिलाडेल्फियाच्या उपनगरांनी भर घातली. ती माणसं १९ च्या यादीत नव्हतीच.

असले आरसे याआधीही फुटलेत. मेन राज्याबद्दल अमेरिकेत म्हणच होती की मेन जाईल तिकडे देश जाईल. १९३६ मध्ये मेन रिपब्लिकन लँडनबरोबर गेलं. त्याच्यासोबत फक्त व्हरमाँट गेलं, बाकी ४६ राज्यं रूझवेल्टकडे. मिसुरी १९०४ ते २००४ मध्ये एकदाच चुकलं, मग २००८ मध्ये सुटलं ते सुटलंच. ओहायो १९६४ पासून बरोबर होतं, २०२० ला गेलं. यातल्या कुणीही घोटाळा केला नव्हता. देश बदलला आणि ती जागा त्याच वेगाने बदलली नाही, किंवा उलट.

टेरे होटचं मात्र मला जरा वाईट वाटतं. खाणी गेल्या, रेल्वेचं महत्त्व गेलं. इथे फायझर श्वासातून घ्यायचं इन्सुलिन बनवत होती, २००७ मध्ये ते औषधच बाजारातून मागे घेतलं आणि शेकडो नोकऱ्या गेल्या. सीडींचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंच. २००८ मध्ये ओबामांना ५७ टक्के देणारी काउंटी आठ वर्षांत ट्रम्पना ५५ टक्के देते. त्यातले बरेचसे तेच मतदार असणार. ते का वळले, हे विचारायला पत्रकार येत होते तोवर निदान कुणीतरी विचारत तरी होतं.

२०२४ मध्ये व्हीगोने पुन्हा ट्रम्पना मत दिलं आणि ट्रम्प जिंकले. रेकॉर्ड आता ३५ पैकी ३२. देशात ट्रम्पची मतं पन्नास टक्क्यांच्या किंचित खालीच राहिली, व्हीगोत फरक कितीतरी मोठा होता. आणि त्या १९ च्या यादीतली जी एकमेव काउंटी २०२० मध्ये 'बरोबर' आली होती, वॉशिंग्टन राज्यातली क्लॅलम, तिने २०२४ मध्ये कमला हॅरिसना मत दिलं. तीही यादीतून गेली.